झोळीवरची काच

धुळ्यातल्या त्या कापसाच्या जिनात पुण्याचे दातारसाहेब आले, तेव्हा बायांनी पहिल्यांदा त्यांचे बूट पाहिले आणि मग हातातली पेटी. बुटांना धूळ नव्हती. पेटीत काचा होत्या, तळहाताएवढ्या, चौकोनी. साहेबांनी एकेका काचेला बरणीतलं काहीतरी चिकट माखलं आणि चार ठिकाणी त्या टांगल्या. एक फाटकाशी, एक गाठींच्या वखारीत, एक अंगणातल्या पाण्याच्या टाकीजवळच्या कडुनिंबाला आणि एक नेमकी तानुबाईच्या झोळीवर.

झोळीत तिचा निंबा होता. पहिलंच लेकरू, अजून बसायलाही शिकलेलं नव्हतं. सरकी काढायच्या यंत्रात कापूस लावता लावता तानुबाई मान वळवून त्याच्याकडे बघायची. यंत्रांच्या धडधडीत त्याचं रडणं ऐकू येत नसे, पण तोंड उघडलेलं दिसत असे. तेवढ्यासाठीच तिनं झोळी तिथल्या खांबाला बांधली होती. पत्र्याच्या फटीतून सकाळी उन्हाची एक तिरीप यायची, तिच्यात कण नाचायचे, आणि निंबा दोन्ही मुठी वर करून ते पकडायला बघायचा. तानुबाईला ते फार गोड वाटे. अख्ख्या जिनात तेवढीच एक देखणी गोष्ट होती.

"व तानू, त्या साहेबनी नजर चांगली नही शे," बेबाबाई म्हणाली. ती अंगणात बसून कपाशीतला कचरा वेचायची, वयानं मोठी आणि तोंडानं फटकळ. "लढाई सुरू शे म्हणतस. सरकार आते हवावर बी पट्टी लावी. श्वास घ्या, पैसा टाका!"

बाया हसल्या. तानुबाई हसली नाही. तिच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. ताटलीला एरंडेल माखून दिव्यावर धरतात ते काजळ धरायला. हे तिला आईनं शिकवलं होतं, निंबाच्या डोळ्यांतलं काजळही तिनं तसंच केलेलं. मग हा माणूस काच माखून टांगतो, खाली दिवा नाही, वात नाही, फक्त तिचं लेकरू. काजळ धरायचं ते कशाचं?

आणि काच खरंच काळवंडत गेली. निंबा खोकत होताच, जिनात यायला लागल्यापासूनच खोकत होता. पण आता तिला वाटू लागलं, खोकला काचेपासूनच सुरू झाला.

एकदा साहेब काच बघायला आले तेव्हा तिनं धीर केला.

"साहेब, ही काच काय करते?"

"हवेत उडतं ते धरते."

"कोणाचं?"

साहेब हसले. "कोणाचं म्हणजे?" मग त्यांनी झोळीत वाकून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खोकतो का गं हा? झोपेत धाप लागते?"

तानुबाईनं चटकन पदर निंबावर ओढला. याला कसं कळलं? इतक्यात हिलाल मुकादम तिकडून येताना दिसला, आणि साहेब पुढचं काही न बोलता सरळ उभे राहिले, जणू चोरी पकडली गेली. जाता जाता एवढंच पुटपुटले, "याला इथं ठेवू नकोस."

इथं नाही तर कुठं? आणि का? सांगणाऱ्याचं मन साफ असेल तर तो मुकादमाला बघून गप्प का होतो?

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या सुट्टीत सगळ्या बाया अंगणात गेल्या तेव्हा तानुबाईनं झोळीवरची काच काढली. चुलीतली राख बरोबर आणलीच होती. करणी असो की नजर, राखेपुढं टिकत नाही. तिनं काच घासून लखलखीत केली आणि साहेबांना संशय येऊ नये म्हणून आपल्या कुपीतलं एरंडेल तिला माखलं. मग ती कडुनिंबाच्या झाडावर टांगली. करणी लागायची तर झाडाला लागो. झाडावरची काच मात्र स्वच्छच होती, नावाला चार धुळीचे कण. ती तिनं आणून झोळीवर लावली. रिकामी जागा दिसायला नको.

आठवडा गेला. निंबा खोकतच होता. तानुबाई झोळीशी आली आणि तिनं वर पाहिलं. झाडावर स्वच्छ राहिलेली ती काच आता काळीपांढरी झाली होती, रुईच्या तुसानं आणि काजळीनं लिंपल्यासारखी. ती धावत टाकीकडे गेली. तिनं घासलेली, तिनं माखलेली काच झाडावर जवळजवळ तशीच होती.

म्हणजे करणी काचेत नव्हती. काच फिरली, पण काळं तिथंच राहिलं, तिच्या लेकराच्या तोंडावर.

साहेब आले तेव्हा ती झोळीच्या गाठी सोडत होती. त्यांनी काचा पाहिल्या आणि ते भडकले. "कोणी हलवल्या? महिन्याचं काम मातीत गेलं माझं!"

"मी," तानुबाई म्हणाली. निंबा कडेवर होता. "मला वाटलं, तुम्ही माझ्या पोराचा श्वास धरता."

साहेबांनी हातातली पेटी खाली ठेवली.

"तुम्हाला ठाऊक होतं ना? मग नीट सांगितलं का नाही?"

त्यांनी काच काढून हातात घेतली. "जिनाच्या शेठनी आत येऊ दिलं ते एका अटीवर. कामगारांशी बोलायचं नाही. जेवढं बोललो, तेवढंही बोलायला नको होतं."

"मग संशय काही खोटा नव्हता माझा," ती म्हणाली. "फक्त माणूस चुकीचा धरला."

ती अंगणात गेली आणि तिनं कडुनिंबाच्या फांदीला झोळी बांधली. हिलाल मुकादम ओरडत आला, "ए तानुबाई, भोंगा झाला! हे काय पाळणाघर शे का?"

"यंत्रावरच चालले, मुकादम."

पण पाय निघेना. आतून झोळी दिसणार नव्हती. तो रडला तर तिला कळणारही नव्हतं. बेबाबाईनं कपाशीचा ढीग ओढत ओढत झाडाखाली आणला आणि बैठक मांडली.

"जाय व माय, मी दखस त्याले. आनि मुकादम, तुना घसा सुकना व्हई, तठे टाकीमा पानी शे!"

संध्याकाळी भोंगा झाल्यावर तानुबाई पळत आली. निंबा जागा होता. पानांतून उतरलेल्या उन्हाच्या तिरिपेकडे त्यानं दोन्ही मुठी वर केल्या होत्या. तिनं घाईनं त्याच्या तोंडावर हात आडवा धरला. मग वाकून, डोळे बारीक करून, त्या उन्हात काय नाचतंय ते ती कितीतरी वेळ निरखत राहिली, आणि मगच हात काढला.