शनिवारची रिकामी लॅब

अकरावी-बारावीचं टाइमटेबल करायचं काम १९७७ साली माझ्या गळ्यात पडलं, आणि तेव्हापासून कोणी ते काढून घ्यायचं नाव काढलं नाही. दर जुलैत मी स्टाफरूममध्ये कार्डशीट पसरतो, पट्टीने रेघा मारतो आणि पेन्सिलीने चौकोन भरायला बसतो. मग चिठ्ठ्या येतात. मराठीच्या बाईंना पहिला तास नको, कारण त्याच वेळी घरी नळाला पाणी येतं. बायोलॉजीच्या सरांना शेवटचा नको. मधले तास सगळ्यांनाच हवेत. मी कोणाला काही बोलत नाही, खोडत राहतो.

१९९५ साली टाइमटेबल भिंतीवर लागून आठवडा झाला होता. आता वर्षभर डोक्याला ताप नाही असं वाटत होतं, तोच ऑफिसच्या क्लार्कने एका बाईंना माझ्याकडे पाठवलं. निडी गावच्या बायजाबाई. बरोबर त्यांची मुलगी नम्रता, अकरावी सायन्स, सी बॅच. बायजाबाई मुलीचा दाखला परत न्यायला आल्या होत्या.

"बुधवारी पोरीला पाचला सोडताव," त्या म्हणाल्या. "घरची गाडी साडेतीनला जातं. मंग एकदम आठला. परवा निडीला उतरली तवा काळोख पडलेला. ठेसनावर दुसरं माणूस नाय. हिचा बाप म्हणतो, बास झाला कालेज."

"दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो. "कोणी आणायला नाही का जाऊ शकत?"

"बापाची शिफ्ट हाय कंपनीत. मी म्हशी सोडून कशी जाव?"

नम्रता खाली मान घालून उभी होती. दहावीला शाळेत पहिली आली होती ती, मीच तिचा फॉर्म तपासला होता. तिला दाखला दिला असता तर एक चौकोन हलका झाला असता, आणि खरं सांगायचं तर एवढा कंटाळा आला होता की क्षणभर तेही मनात येऊन गेलं. मग म्हणालो, "उद्या या. बघतो काय होतंय ते."

बघायचं काय होतं? आमच्याकडे केमिस्ट्री आणि फिजिक्सला मिळून एकच लॅब. सकाळी आठ ते दहा तिथे आरोनसर केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेत. साडेदहा ते दोन लेक्चर्स. अडीच ते पाच लॅब माझी, फिजिक्सला; सी बॅचची पाळी बुधवारी. आरोनसर ज्यू. शनिवारी ते कामाला हात लावत नाहीत, त्यामुळे त्यांच्या पाचही बॅचेस सोमवार ते शुक्रवार सकाळी. म्हणजे सकाळ कधीच मोकळी नाही. अठरा वर्षं टाइमटेबल करताना मी मनातल्या मनात ह्या शनिवाराच्या नावाने बोटं मोडत आलो होतो. तोंडावर मात्र कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी ठरवलं, बोलायचंच.

संध्याकाळी माझी घरची, पेणची एसटी सोडून दिली आणि कॉलेजजवळच वरशाला आरोनसरांच्या घरी गेलो. ते ओटीवर पेपर वाचत बसले होते. त्यांची सगळी भावंडं कधीच इस्रायलला गेली, हे आणि लीयावहिनी तेवढे राहिले. वहिनींनी चहा दिला. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "वर्षभर एक बॅच शनिवारी घ्या, सर. म्हणजे बुधवारची सकाळ मोकळी होईल. पोरीचं शिक्षण वाचेल."

आरोनसरांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. रागावले नाहीत.

"बरं, समज मी शनिवारी आलो. बुधवारची सकाळ मोकळी झाली. तिथे फिजिक्स कोण घेणार?"

"मी."

"सकाळी आठला?"

मी मनात हिशोब केला. पेणहून मी साडेआठच्या एसटीने येतो, दहाला पोचतो. आठला लॅबमध्ये यायचं तर पेणमधल्या रामवाडीच्या घरातून साडेपाचला निघून सहाची गाडी धरायला हवी.

"आणि दत्ता, तू आठला येणारच असशील," ते म्हणाले, "तर शनिवारी सकाळी लॅब रिकामीच असते की. मी नसतो म्हणूनच रिकामी असते. माझा शनिवार तुला कशाला हवा?"

वहिनी हसल्या. मला हसू आलं नाही. अठरा वर्षांत सगळ्यांच्या चिठ्ठ्या आल्या होत्या, फक्त माझी आली नव्हती. मला चिठ्ठी लिहायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कार्डशीट भिंतीवरून काढलं. बुधवारचा चौकोन खोडला, शनिवारी सकाळी आठ लिहिलं. मोजून पाच मिनिटं लागली. बायजाबाई दाराशीच उभ्या होत्या. त्यांना सांगितलं, पोरगी शनिवारी सकाळच्या गाडीने येऊ दे, रोज साडेतीनच्या गाडीने घरी येईल, दाखला काढू नका.

नम्रताने पहिल्यांदा मान वर केली. बायजाबाई मात्र कार्डशीटकडे बघत राहिल्या.

"झाला?" त्यांनी विचारलं. "एवढाच व्हता?"

"एवढंच."

"मंग माज्या नणंदेच्या पोरीचं पण झालं असतं. सगुणा. गेल्या सालाला तुमच्याच कालेजात व्हती. तिला पण ह्याच गाडीची अडचन. दिवालीला बसवली घरी, वैशाखात लगीन लावलं."

सगुणा मला आठवली. गैरहजर, गैरहजर, गैरहजर, आणि मग हजेरीपटावरच्या तिच्या नावावर मी लाल शाईने मारलेली रेघ. "विचारायला का नाही आलात?" माझा आवाज नको तेवढा चढला.

"काय विचारनार वो सर?" बायजाबाई शांतपणे म्हणाल्या. "आमाला वाटलं, टायमटेबल सरकारातनं येतं."

मला फार लाज वाटली. ते मीच करतो, आणि सकाळी झोप मोडू नये म्हणून तसं करत आलोय, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही. "हो," मी म्हणालो, "तसंच असतं ते."