शेवटच्या रांगेचं बरं आहे

राजापेठेतल्या आमच्या ऑनलाइन परीक्षा केंद्रात त्या सकाळी चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत आला होता. काचेच्या कपाटात हिरवे दिवे लुकलुकत होते, कपाटाला झेंडूचा हार घातला होता आणि केंद्रचालक गजेंद्र सर पालकांना दर्शन घडवत होते.

"हा आपला एजंट!"

"विम्यावाला काय जी?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाई हो, कॉम्प्युटरमंदला प्रोग्राम! अंतर्यामी हाय हा! आपले स्विच, म्हणजे सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या पेट्या, सॉफ्टवेअरवर चालतात. त्याइच्यावर हा अष्टौप्रहर नजर ठेवते. याच्यापासून काई लपत नाई. विचारा!"

एका बाईनं पदर सावरून विचारलं. स्पीकरमधून गोड आवाज आला, "सर्व रांगांचं बरं आहे." दोघांनी चक्क हात जोडले. मला हसू आलं आणि तिथंच अडकलं. दारात गोदाबाई उभ्या होत्या, सोबत त्यांची मुलगी प्रणाली.

गोदाबाई फुलं विकतात. काही दिवसांपूर्वी प्रणाली परिचारिका भरतीच्या परीक्षेला आमच्याकडे बसली होती, शेवटच्या रांगेत एकटीच. मध्येच तिचा स्क्रीन वीस मिनिटं गोठला. पर्यवेक्षकांनी एजंटला विचारलं, तो म्हणाला, शेवटच्या रांगेचं बरं आहे. म्हणजे पोरीनंच वायर ओढली! तिला बाद ठरवणारा अहवाल आज दुपारी जायचा होता.

"माह्या पोरीनं हात नाई लावला, सर."

"गोदाबाई, माणूस खोटं बोलते. मशीन काहून बोलीन?"

प्रणाली हळूच म्हणाली, "सर, त्यानं पाह्यलं कवा, ते विचारा ना."

"तो सदाच पाह्यते!"

खरं उत्तर त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

इथली यंत्रणा मी सांभाळते; शिकले ती इथलेच कॉम्प्युटर पुसता पुसता. एजंटला स्वतःचे डोळे नसतात. आपण लिहून दिलेल्या अवजारानं, म्हणजे छोट्या प्रोग्रामनं, तो स्विचला हालहवाल विचारतो. ते अवजार माझं. सुरुवातीला एखादा स्विच गप्प बसला की एजंट सरळ सांगायचा, "उत्तर आलं नाही." सर चिडले, "पाव्हण्यायसमोर हे काय, चंदाताई?" मग मी घरची रीत वापरली. सासूबाई आत तापानं फणफणत असल्या तरी दारातल्या माणसाला आपण सांगतोच ना, बरं आहे म्हणून. स्विच बोलला नाही, तर त्याचं मागचं उत्तर पुढे करायचं. वेळ सांगायची नाही, असं अवजारात लिहिलं.

मी शेवटच्या रांगेतला स्विच वायरींसकट उपटला आणि आणून टेबलावर ठेवला.

"आता विचारा."

"शेवटच्या रांगेचं बरं आहे," एजंट म्हणाला. "सर्व जोडण्या चालू."

गोदाबाई वाकून पेटीकडे पाहत राहिल्या. "अवं, हे तं इथं पडेल हाय!"

कोणीतरी फिसकन हसलं. मी सगळं सांगितलं. तो स्विच तापला की बंद पडतो, गार झाला की आपोआप चालू होतो, हेही सांगितलं.

"तुमाले ठाऊक होतं?" प्रणालीनं विचारलं.

"हो."

"कवापासून?"

"तू रडत जिना उतरलीस तेव्हापासून." त्याला नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस मी नोकरी सांभाळत होते.

तिनं मान वळवून आईचा हात धरला. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी तिथंच माझ्या नावानं पत्र लिहिलं: दोष यंत्रणेचा आहे, उमेदवाराची फेरपरीक्षा घ्या. पंधरा माणसं पाहत होती, त्यामुळे ते अहवालाला जोडायला सरांना नाही म्हणता आलं नाही. लोक चपला शोधू लागले, तेव्हा मी एवढंच म्हटलं, "यंत्रापुढे हात जोडू नका. या पोरीसारखं विचारा, कधी पाहिलं, कशानं पाहिलं, आणि पाहिलं नसेल तेव्हा काय सांगतो. जो 'मला माहीत नाही' असं कधीच म्हणत नाही, तो अंतर्यामी नसतो. त्याला तसं बोलायला कोणीतरी शिकवलेलं असतं."

मग जुन्या याद्या काढल्या. त्याच रांगेतून, त्याच कारणानं आणखी दोघं बाद झाले होते. पहिला मुलगा अकोल्याचा होता; मी त्याला फोन लावला.

"नितेश बोलतोय का? बाळा, तू वायर ओढली नव्हतीस. मला आधीच सांगायला हवं होतं."

 फोन कानाशी धरूनच मी त्याच्याही फेरपरीक्षेचं पत्र लिहायला कागद ओढला.