अर्जदारातर्फे : स्वतः

वकीलबाईंचं ऑफिस म्हणजे सासूबाईंच्या शिवणाच्या खोलीची अर्धी बाजू. मधे एक पडदा; अलीकडे कायदा, पलीकडे काजं-बटणं. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे तर नुसता पडदाच होता.

त्या शनिवारी अलीकडची बाजू सकाळपासून चिडलेली होती. सोमवारी घड्याळकाकांची तारीख होती. काका एका इमारतीच्या जिन्याखाली टेबल मांडून एकतीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते, जुन्या मालकाकडून भाड्याची रीतसर पावती घेऊन. नवा मालक आला आणि म्हणाला, जिन्याखाली असते ती वाट, जागा नव्हे. आणि वाटेवर कसला भाडेकरू? खालच्या कोर्टाने त्याचंच ऐकलं. आता अपील हरलं की टेबल रस्त्यावर. अडुसष्टाव्या वर्षी नव्या ठिकाणी बसून गिऱ्हाईक जमवणं काही खायचं काम नाही. काका स्वतः काहीच बोलले नव्हते. बाईंचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ तेवढं न विचारता नेऊन चालू करून आणून दिलं होतं, आणि तेच बाईंना टोचत होतं.

निवाड्यांच्या साइटवर म्हणे सत्तर वर्षांचे निकाल होते. असतील बापडे! बाईंनी 'बिगरनिवासी जागेचा भोगवटा' टाकलं, तर चार हजार तीनशे निकाल. 'सामाईक मार्गातील भाडेहक्क' टाकलं, तर अकरा, आणि अकराच्या अकरा मालकाच्या फायद्याचे. दुपारपर्यंत डोळे चुरचुरायला लागले आणि तोंडाचा पट्टा सुटला. साइट, मालक, स्वतःची पदवी, कुणालाच सोडलं नाही.

पलीकडचं शिलाई मशीन थांबलं. सासूबाईंनी पडदा सारून विचारलं, एवढं हरवलंय तरी काय. बाईंनी भोगवट्यापासून सुरुवात केली, तशी सासूबाईंनी हात वर केला.

"कात्री सापडेना तर मी 'कापण्याचं साधन कुठाय' असं विचारते का गं? तो माणूस बसतो कुठे?"

"जिन्याखाली."

"मग तेच लिही की. कोर्टात जाणारी सगळी माणसं वकील थोडीच असतात?"

बाईंना हसू आलं आणि रागही आला. वीस वर्षांची वकिली, आणि अक्कल यावी ती पडद्याआडून! पण टाकून पाहिलं, 'जिन्याखाली'.

नऊ निकाल आले. सहा अपघातांचे, दोन चोरीचे. नववा एका किल्लीवाल्याचा, बेचाळीस वर्षांपूर्वीचा. कोर्टाने म्हटलं होतं, जिथे माणूस रोज बसून पोट भरतो आणि मालक पावती देतो, ती जागाच. वर जिना आहे म्हणून तिची वाट होत नाही. बाईंनी घाईघाईने त्या निवाड्याचं पुढे काय झालं तेही तपासलं. वरच्या कोर्टाने फिरवलेला निवाडा घेऊन उभं राहिलं की कशी शोभा होते, ते त्यांनी एकदा भोगलं होतं. हा कुणी फिरवला नव्हता. कुणी वापरलाही नव्हता, नुसता पडून होता.

मग त्यांनी वकिलांची नावं पाहिली. मालकातर्फे तिघं. किल्लीवाल्यापुढे लिहिलं होतं, 'अर्जदारातर्फे : स्वतः'. वय एकसष्ट. खटला नऊ वर्षं चाललेला.

बाई उठून पलीकडे गेल्या आणि सासूबाईंचा सुई धरलेला हात तसाच हातात घेतला. तुम्ही नसता तर मी मेलेच होते, म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, सुई टोचेल, सोड.

सोमवारी जजसाहेबांनी तो निवाडा दोनदा वाचला आणि अपील मंजूर केलं. टेबल राहिलं.

बाहेर पायऱ्यांवर काकांनी पहिल्यांदा काय मागितलं, तर किल्लीवाल्याचा पत्ता. त्यांना जाऊन आभार मानायचे होते. तो तेव्हाच एकसष्टचा होता, हे बाईंनी हळूच सांगितलं. वकीलही नव्हता त्याला, हेही सांगितलं. काका पायरीवर बसले.

"नऊ वर्षं एकटा भांडला तो," ते म्हणाले, "आणि सुटलो मी." मग त्यांनी विचारलं, "ताई, आपला निकालही त्या साइटवर जाईल का?"

"जाईल की."

"मग साहेबांना सांगून बघा. त्यात 'जिन्याखाली' असं स्पष्ट लिहू द्या. पुढचा कुणी शोधत येईल, त्याला पटकन सापडलं पाहिजे."