भंडारा आणि बॅटरी

माझ्या नवऱ्याला, मल्हारला, संशयाचं व्यसन आहे. तंबाखू खात नाही, पत्ते खेळत नाही. पण पेट्रोल पंपावर गेला तर काट्यावरची नजर हलवत नाही, आणि घरी आला की चहात दूध म्हशीचं घातलंय की पिशवीचं ते विचारतो. इतकी वर्षं मी हे हसण्यावारी नेलं. यंदा त्याचा संशय माझ्या सख्ख्या भावावर गेला आणि माझं हसणं बंद झालं.

झालं असं, की मल्हारनं शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेतली. बाकडी काढून आत पलंग, ओटा, पंखा, लहानसा फ्रीज बसवला. चाकावरचं घरच म्हणा. टपावर सोलरच्या काचा, पलंगाखाली बॅटरी, शेजारी इन्व्हर्टर. काचांनी दिवसभर ऊन घ्यायचं, ते बॅटरीत साठायचं आणि इन्व्हर्टरनं त्याची घरासारखी वीज करायची. हे सगळं बसवलं माझ्या धाकट्या भावानं, धुळानं. वडूजला त्याचं सोलरचं दुकान आहे.

हा खटाटोप आत्तींसाठी होता. आत्ती म्हणजे माझी सासू, सुलाबाई. कवठे महांकाळकडचं आमचं रान कोरडं, त्यामुळे त्या आणि माझे सासरे दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचे. नदीकाठानं उसाच्या पट्ट्यात, पार कोरेगावापर्यंत. मेंढरं रोज कुणाच्या तरी शेतात बसवायची, सकाळी उठून पुढं. मल्हार मात्र वसतिगृहात राहून शिकला. त्याला ती वाट फक्त सुट्टीपुरती दिसली, म्हणून ती त्याला फार गोड लागली. सासरे गेल्यापासून त्यानं डोक्यात घेतलं होतं, की आईला त्या वाटेनं एकदा न्यायचंच, सगळे मुक्काम दाखवायचे, पण आता थाटात. गावात ज्याला त्याला सांगून झालं होतं.

पण बॅटरी काही भरेना. मल्हार दुधाच्या टँकरवर जातो, मी अंगणवाडीत. संध्याकाळी तो आला की आधी बसमध्ये शिरायचा आणि कपाळाला हात लावून बाहेर यायचा. दिवसभर कडक ऊन, आणि बॅटरी जेमतेम पाव. रात्री फ्रीज लावला की थोड्याच वेळात सगळं गुडुप. सुट्टीच्या दिवशी मल्हार घरी असला, की मात्र तीच बॅटरी दुपारीच काठोकाठ. धुळाला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा त्याच्या देखत सगळं ठणठणीत चाललं.

एवढ्यावरून माझ्या नवऱ्यानं निष्कर्ष काढला. धुळाच्या मोबाइलमध्ये ॲप आहे, त्याच्यावरून तो वडूजमध्ये बसून चार्जिंग बंद करतो. म्हणजे आपण कंटाळून मोठी बॅटरी घ्यावी. आम्ही घरी असलो की चालू ठेवतो, नसलो की बंद. हे त्यानं मला जेवता जेवता सांगितलं. मी ताट तसंच ठेवून उठले. माझ्या माहेरच्या माणसाला चोर म्हणायचं आणि भाकरी माझ्या हातची खायची, हे मला चालायचं नाही, असं स्पष्ट सुनावलं. आत्ती शेजारीच बसल्या होत्या. त्या मान खाली घालून जेवत राहिल्या.

पण खरं सांगते, तोंडानं मी भावाची बाजू घेतली तरी माझ्याही डोक्यात किडा शिरला होता. धंद्यात पडल्यापासून धुळा जरा जास्तच गोड बोलायला लागला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला, पोराबाळांची चौकशी केली आणि आडून आडून विचारलं, तुझ्या त्या ॲपवरून काय काय करता येतं रे? 

“अक्के, तू बी व्हय?” एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघायचा दिवस जवळ आला तसा मल्हारचा धीर सुटला. एका रविवारी त्यानं धुळाला बोलावून घेतलं. तो येईपर्यंत अंगणात पाट मांडला होता आणि पाटावर ताटलीत बिरोबाचा पिवळाधमक भंडारा. आमच्यात भंडारा उचलून खोटं बोलायची कुणाची छाती नाही. पण पाहुण्याला तो उचलायला लावला, की खरंखोटं काहीही निघो, सोयरिकीत काही उरत नाही. मी मल्हारच्या हातापाया पडायचीच बाकी ठेवली. तो ऐकेना. आत्ती उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होत्या.

धुळानं ताटली बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. तरी तो शांतपणे म्हणाला, की आधी एकदा वर बघून येतो. बसच्या मागच्या शिडीवरून तो टपावर गेला. काचांच्या कडेनं त्यानं हात फिरवला, खाली वाकला आणि तसाच उभा राहिला. उतरला तेव्हा त्याची एक मूठ मिटलेली होती. मी शिडीपाशीच होते. त्याच्या बोटांच्या फटीतून मला काळ्या लोकरीचे धागे दिसले. मला दिसलंय हे त्यानं ओळखलं, ‘बोलू नको’ अशी हळूच मान हलवली आणि मूठ खिशात घातली.

“आणा दाजी. उचलतो.”

काळ्या लोकरीचं घोंगडं आमच्या घरात एकच. सासऱ्यांचं. ते आत्तींच्या चुलीजवळ खुंटीवर असतं. गेले कित्येक दिवस संध्याकाळी ते हाताला गरम लागायचं, आणि मला वाटायचं, आत्ती त्याला ऊन दाखवतात. मी आत्तींकडे बघितलं. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

धुळाचा हात ताटलीकडे गेला तशा त्या उठल्या. शेंगा अंगणभर सांडल्या. त्यांनी येऊन ताटलीवर आपला हात झाकला.

“त्या पोराला उचलाय लावू नगं. त्येनं कायबी केलं न्हाई. तुमी दोघं भाईर पडलासा की म्या घोंगडं टाकत हुते काचांवर. तू यायच्या आदी काढत हुते.”

मल्हारला हसू आलं. त्याला वाटलं, म्हातारीनं काच तापून फुटंल म्हणून झाकली. झाडावर चढून मेंढरांना पाला छाटायचा जन्माचा सराव, तिला बसची शिडी ती काय. तो समजावायला लागला, की आये, ती काच उन्हासाठीच असती.

“ठावं हाय मला. म्हणून तर झाकली.” आत्तींनी ताटलीवरचा हात काढला नाही. “तुझा जलम कोरेगावच्या वाटंला, उसाच्या बांधावर झाला, ह्ये तू समद्यास्नी हौसंनं सांगतूस. पर तुला पाटीत घालून म्या ओल्या अंगानं दुसऱ्या मुक्कामाला चालत गेले, ते कुणाला ठावं हाय? रोज सांजच्याला नवी धोंडं हुडकायची, नवी चूल. पाऊस आला की तुला पोटाखाली घ्यायचं. आता कुटं माझी चूल एका जाग्याव आली. मला न्हाई जायाचं त्या वाटंनं. पंखा असू दे न्हाईतर फ्रीज असू दे.”

 मल्हार हळू आवाजात म्हणाला, की आये, मला सांगायचं हुतं की.

“तू इचारलंस कवा? बाटरी कुटली घिऊ, काचा किती लावू, समद्या गावाला इचारलंस. मला इचारलंस?”

संशय घ्यायला माझ्या नवऱ्यानं जगात कुणाला सोडलं नव्हतं. फक्त आईच्या मनाबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती. तो पाटाजवळ खाली बसला. अंगणात पसरलेल्या शेंगा एकेक वेचून त्यानं आईच्या पदरात टाकल्या.  मग वर न बघताच त्यानं विचारलं, की मग ह्या सगळ्याचं काय करू, तूच सांग.

आत्तींनी चुलीवरच्या पत्र्याच्या छपराकडे बोट केलं. “काचा हितं लाव. लाईट गेली की मला भाकरीचा पापुद्रा दिसत न्हाई.”

धुळानं दाजींकडे बघितलंही नाही. पान्यांची पिशवी घेऊन तो पुन्हा टपावर चढला आणि काचांचे नट सैल करू लागला. मल्हार उठला, खाली शिडीपाशी गेला आणि काचा उतरून घ्यायला दोन्ही हात वर करून उभा राहिला. धुळानं पहिली काच सोडवली आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग दिली.