कशाला हो म्हटलं

थोरलीचा हात हनुवटीपाशी आला आणि तिथंच थांबला.

गप्पिष्ट वाट बघत राहिला. उपड्या बादलीवर टेकवलेल्या फोनमध्ये बहिणीचं तोंड चौकोनाचौकोनांत फुटलं, जुळलं, पुन्हा फुटलं. हात काही हलेना. मग चित्र एकदम पुढं उडालं. आता थोरली दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होती. तिचं सांगून झालं होतं.

"पुन्हा सांग," तो हातांनी म्हणाला. "अडकलं होतं."

"तुझं लक्षच नसतं." तीही हातांनीच बोलली. "सून मला तपासायला घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाला..."

आणि हात पुन्हा हवेत थिजला.

दोघंही जन्मापासून बहिरी. तो इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर कामाला होता. चादरी, पडदे, डॉक्टरांचे डगले, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. तिथल्या घरघराटात बाकीचे कानात कापसाचे बोळे घालून काम करत. "माझा तेवढा कापूस वाचतो," असं तो पाटीवर लिहून नव्या माणसाला दाखवायचा. गप्पिष्ट हे नाव तिथल्यांनीच पाडलेलं. जेवणाच्या सुट्टीत मागच्या अंगणात फोन मांडून बसला की हा माणूस दोन्ही हातांनी इतका बोलायचा की डबा तसाच राहायचा. "एका हातानं जेव, एका हातानं बोल," बायको सांगायची. त्याचं म्हणणं, एका हातानं बोलणं म्हणजे तोंडात घास घेऊन बोलणं. थोरलीला ते चालायचं नाही.

थोरलीची भाषा थोरलीनंच घडवलेली होती. घरात बाकी सगळी ऐकणारी माणसं. त्यांना खुणा करायला सवड नव्हती, आणि ज्या केल्या त्या 'ये', 'जा', 'गिळ' एवढ्याच. धाकटाही आपल्यासारखाच निघाला हे कळल्यावर त्या पोरीनं त्याच्यासाठी एकेक शब्द रचला. आई म्हणजे गालावरचा तीळ. बाबा म्हणजे वाकलेली पाठ. उद्या म्हणजे तळहातावर गाल टेकवून उघडलेले डोळे. आणि तो स्वतः म्हणजे पिळलेला कान, कारण तो तिनं पुष्कळदा पिळला होता. पुढं त्याला बहिऱ्यांच्या शाळेत घातलं. तिथं तो चारचौघांच्या खुणा शिकला, लिहाय-वाचायला शिकला. थोरलीला घरीच ठेवलं. मुलीच्या जातीला काय करायचंय म्हणून. तिला कधी अक्षर लागलं नाही. त्यामुळे निरोप लिहून पाठवण्यात अर्थ नव्हता. ती भाषा बोलणारी जगात दोनच माणसं होती, आणि तिच्या लग्नानंतर ती दोघं दोन गावांना राहत.

भाच्यानं आईला चित्राचा फोन आणून दिला, तेव्हा कुठं वर्षानुवर्षांचं तुंबलेलं बोलणं मोकळं झालं. आणि आता हे असं.

कारण बायकोनं शोधून काढलं. ती ऐकणारी, बोलणारी. नवऱ्यासाठी शाळेच्या खुणा शिकलेली. कंपनीचा एक जुना निरोप तिनं फोनमध्ये उकरून काढला. सिनेमे, खेळ आणि मोठ्या ऑफिसांच्या बैठका यांना यापुढं रांगेत पहिला मान. बाकीच्यांचे चित्राचे कॉल जागा असेल तसे. अग्रक्रम हवा असेल त्यांनी जादा शुल्क भरावं.

"म्हणजे?" त्यानं विचारलं.

"म्हणजे नळाला पाणी तेवढंच. ज्यानं जादा मोजलं त्याची टाकी आधी भरायची."

त्यानं त्याच दिवशी जादा पैसे भरले. दुसऱ्या दिवशी थोरलीचा हात पुन्हा अर्ध्यात थांबला.

तेव्हा दोघं कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मुलीनं त्याचा फोन घेतला, तपासला, आणि खात्री पटावी म्हणून एक सिनेमा लावून दाखवला. माळावरून घोडा धावत होता. त्याच्या आयाळीचा केस न् केस दिसत होता.

"बघा ना काका, लाइन किती छान चाललीय."

"त्यांना सिनेमा नाही बघायचा," बायको म्हणाली. "बहिणीशी बोलायचंय."

"कॉल लागतो ना पण? आवाज येतो?"

"आवाज घेऊन काय करायचं, बाई? दोघांनाही ऐकू येत नाही."

मुलगी वरमली. तिनं बराच वेळ कळफलकावर बोटं चालवली. "तुमच्या टोकाला अग्रक्रम लागलाय. पण समोरच्यांची कंपनी वेगळी आहे. तिकडंही घ्यावा लागेल. तोवर..." ती समोरच्या पडद्यावरचं वाचून दाखवू लागली. "तोवर चित्र बंद करून बोललात तर कॉल अजिबात तुटणार नाही."

बायकोनं हे शेवटचं वाक्य नवऱ्याला सांगितलं नाही.

"काय म्हणाली?" तो मागं लागला.

"म्हणाली, भाच्याला सांगा."

भाचा वाईट नव्हता. त्याच्यामागं व्याप काही थोडे नव्हते; दिवसभराची नोकरी, आईची औषधं, दवाखान्याच्या खेपा. "बघतो मामी, पुढच्या महिन्यात नक्की बघतो," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का, ती दोघं रोज बोलतात तरी काय? काय खाल्लं, कोण आलं. एखाद दिवस नाही कळलं तर काय बिघडतंय?"

पुढचा महिना आला आणि गेला.

बोलणं आटत चाललं. मधलं काय गळेल याचा नेम नसल्यानं गप्पिष्ट तुटक बोलू लागला. मोठमोठे, ढोबळ हात करायचा, परक्या माणसाशी करावे तसे. थोरलीनं लांबलचक गोष्टी सांगणं सोडून दिलं. शेजारणीची नक्कल करायची, ती बंद केली. नक्कल अर्ध्यात अडकली की तिच्यात काही राहत नाही. त्यात आजारानं तिचे हातही जड झाले होते. पूर्वी पाखरासारखे उडणारे हात आता एकेक शब्द उचलून ठेवायचे.

त्या दिवशी तर सगळंच बिनसलेलं. त्यानं तीनदा 'पुन्हा सांग' म्हटलं होतं. चौथ्या वेळी तिनं जरा दम खाल्ला आणि सुरुवातीपासून धरलं. गालावर बोट लावलं: आई. दोन्ही तळवे जोडून उघडले: दार. कान पिळला: तू. मग उजवा हात वर गेला, त्याची दोन बोटं फाकली, आणि चित्र थांबलं.

तो हात तसाच वर राहिला. चौकोन फुटले. भिंतीवरचा लाल दिवा लागला. सुट्टी संपली हे त्याला कळावं म्हणून मुकादमानं तो मुद्दाम लावून घेतला होता.

चित्र परत आलं तेव्हा थोरलीचे हात मांडीवर होते. डोळे भरलेले होते. ती त्याच्याकडे बघत होती, आणि इतकी दमलेली दिसत होती की आणखी एकदा 'पुन्हा सांग' म्हणायला त्याचा हात उचलेना.

त्यानं मान हलवली. "हो."

"नक्की?" हे मात्र स्वच्छ आलं.

"नक्की."

थोरली हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग तिनं हात केला आणि फोन बंद झाला.

दोन दिवसांनी भाच्याचा निरोप आला. आई गेली.

घरी भेटायला गेले तेव्हा भाचेसून त्यांच्यापाशी येऊन बसली. सासूची पडेल ती सेवा तिनंच केली होती. "मामा, त्या दिवशी तुमच्याशी बोलणं झालं आणि त्या पोटभर जेवल्या," ती म्हणाली. बायको तिचं बोलणं हातांनी नवऱ्यापर्यंत पोचवत होती. "कुशीवर वळून शांत झोपल्या. मी यांना म्हटलंसुद्धा, आज आईंच्या जिवाचं ओझं उतरल्यासारखं दिसतंय. काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"मी हो म्हणालो."

"कशाला हो म्हणालात?"

तो बायकोच्या हातांकडे बघत राहिला. प्रश्न त्याला कळला होता.

त्या दिवसापासून थोरलीचा तो वर राहिलेला हात त्याच्या मागं लागला.

यंत्राच्या रुळांतून चादर वर उचलली जाई, तिला मधेच दोन सुरकुत्या पडत आणि क्षणभर तिथं दोन बोटं उभी राहत. रस्त्यावर कुणी रिक्षा थांबवायला हात वर केला की तो थांबून त्या बोटांकडे बघे. एकदा इस्पितळातल्या नर्सनं लांबून 'दोन गठ्ठे आणा' अशी खूण केली, तर तो हातातलं टाकून तिच्याकडे चालत गेला आणि पुढं काय म्हणते म्हणून तिच्यासमोर उभा राहिला. ती बिचारी घाबरून बाजूला झाली.

दोन फाकलेली बोटं म्हणजे त्यांच्या भाषेत काहीही होऊ शकत होतं. हात कपाळाकडे गेला तर आठवण. खाली आला तर चालत जाणं. छातीकडे वळला तर आपण दोघं. बोटं मिटली तर कात्री, कापणं, संपवणं. आई, दार, तू. आणि मग काय? तो कुणाला विचारणार? समजावून सांगायला बसला तरी ऐकणाऱ्यानं आधी ती भाषा शिकायला हवी होती, आणि शिकवणारी गेली होती. मेलेल्या माणसाला आपण शब्द देऊन बसलो आहोत आणि तो कसला ते आपल्याला माहीत नाही, या विचारानं त्याला घास गोड लागेना.

रविवारी दुपारी तो आडवा व्हायचा. झोप लागली की त्याचे हात बोलू लागत. बायको शेजारी बसून बघायची. शाळेच्या सगळ्या खुणा तिला येत होत्या, पण या त्यातल्या नव्हत्या. हात काहीतरी विचारत, थांबत, जणू समोरून उत्तर येतंय असे थबकत, मग पुन्हा विचारत. एकदा न राहवून तिनं ते दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. ते तिच्या मुठीतही हलत राहिले. तिनं भिऊन सोडून दिले.

तो पुन्हा एकदा त्या ऑफिसात गेला, या वेळी एकटा. काउंटरवर तीच मुलगी होती. तिनं ओळखलं, खुर्ची दिली. जुने कॉल कंपनी साठवून ठेवत नाही, असं तिनं कागदावर लिहून दाखवलं. त्यानं तोच कागद ओढून घेतला आणि खाली लिहिलं:

"पण तिनं तिकडून पाठवलं होतं. जे माझ्यापर्यंत पोचलं नाही, ते गेलं कुठं?"

मुलीनं ते वाचलं. आत जाऊन कुणाला तरी विचारून आली. उभ्यानंच तिनं लिहिलं: "रांगेत जागा नसली की टाकून देतात काका. ते कुठंच राहत नाही." आणि मग त्याच्याकडे न बघता त्याखाली लिहिलं: "माझी आईपण लांब असते."

तो कागदाची घडी करून बाहेर पडला. कोपऱ्यावरच्या कचरापेटीशी आल्यावर त्याला तो टाकवेना. घरीही ठेववेना. शेवटी त्यानं तो बसच्या बाकावर ठेवला आणि उतरून गेला.

एका सुट्टीला तो जिथं लहानपण गेलं त्या घरी गेला. आईचं दार म्हणजे तेच असेल, असं त्याला वाटलं. माझ्या वतीनं एकदा तिथं जाऊन ये, असंच म्हणाली असेल ती. तिथं आता दुसरं बिऱ्हाड होतं. दार उघडणाऱ्या बाईला त्यानं लिहून दाखवलं की आम्ही इथं राहायचो, पाच मिनिटं उभा राहू का. बाईनं आत घेतलं, पाणी दिलं. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. भिंतींचा रंग बदलला होता, खिडकी मोठी केली होती. त्यानं हात वर करून थोरलीच्या भाषेत सांगितलं, "आलो." बाई पदर सावरत बघत होती. आणखी काय करायचं ते त्याला सुचलं नाही. परत येताना मन हलकं होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. एक शक्यता उरकली होती, बाकीच्या तशाच उभ्या होत्या.

मग एक दिवस भाच्याचं काम घरून सुरू झालं. त्यासाठी त्यानं अग्रक्रम घेतला. त्याच रविवारी दुपारी त्यानं मामाला कॉल लावला.

चित्र आलं आणि गप्पिष्ट दचकला. इतकं स्वच्छ त्यानं ते घर कधी पाहिलं नव्हतं. पडद्याची वीण दिसत होती. भाच्याच्या कानापाशी पिकलेले केस दिसत होते. भाचा मामीशी बोलत होता, मधूनच मामाकडे बघून हात हलवत होता. आवाज येत असणार. गप्पिष्ट त्याच्या मागची भिंत बघत होता, आणि भिंतीला लावलेली रिकामी खाट.

भाचा उठून गेला आणि त्याच्या जागी भाचेसून येऊन बसली. तिनं इकडंतिकडं पाहिलं. कुणी बघत नाही ना, असं बघतात तसं. मग तिनं मूठ छातीवर ठेवली, मनगट जरासं आतल्या बाजूला पिळलं आणि भुवया उंचावल्या.

गप्पिष्ट फोनकडे वाकला. "दुखतंय?" असं ती विचारत होती. शाळेत दुखण्याची खूण वेगळी आहे. हा शब्द थोरलीचा होता, तिच्याच मनगटाच्या वळणासकट. सासूला आंघोळ घालताना, कूस बदलताना ही पोर दिवसातून कितीदा हे विचारत असेल.

त्यानं उजवा हात वर केला. अंगठ्याचं नख करंगळीच्या शेंड्याला लावलं. थोडं.

भाचेसून त्याच्या बोटांकडे निरखून बघत राहिली. चित्र कुठंही थांबलं नाही. मग तिनं मान हलवली: नाही, हे नाही कळलं.

त्यानं हात फोनच्या आणखी जवळ नेला आणि पुन्हा सांगितलं. सावकाश.