खिशात राहिलेलं दार

मी पेन ड्राइव्ह बोलतोय. करंगळीएवढा, कडेला खरचटलेला. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या डोक्यावर छानसं टोपण होतं. ते पहिल्याच आठवड्यात हरवलं. कुणाचं राहिलंय म्हणा! आमच्यात बघाल तर सगळे बोडकेच.

माझा मालक दुसऱ्या गावात नोकरी करतो आणि रविवारी आईकडे येतो. आई नाटकांचे कपडे शिवते. तिच्या शिवणखोलीत एक म्हातारा कॉम्प्युटर आहे. तो भंगारातच जायचा होता, पण मालकाने माझ्यातून त्याच्यात लिनक्स नावाचं, जुन्या कॉम्प्युटरलाही पेलणारं सॉफ्टवेअर घातलं आणि म्हातारा टुणटुणीत झाला. त्या दिवशी मी काय फुशारलो होतो! मग मालकाने आईच्या मागे लागून कपड्यांचे सगळे कागदी नमुने त्यात चढवले. "हे गठ्ठे कशाला गं सांभाळतेस? कसर लागते." आईने जड मनाने गठ्ठे रद्दीत दिले.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॉम्प्युटर चालू केला की सगळ्यांत आधी एक चिमुकला प्रोग्रॅम जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. घरात पहाटे उठून बाकीच्यांना हाका मारणारं एक माणूस असतं ना, तसा. तो जागेवर नसला की दार बंद आणि सगळं घर झोपून राहतं.

गेल्या रविवारी मालकाने लिनक्सचं अपग्रेड केलं. अडीअडचणीला असावा म्हणून मला मागच्या खाचेत खोचून ठेवलं होतं. मधेच पडद्यावर प्रश्न आला, बूटलोडर कुठे ठेवायचा? खाली आधी माझं नाव, मग कॉम्प्युटरच्या डिस्कचं. मालकाच्या तोंडात घास, कान आईच्या गप्पांकडे. न वाचताच त्याने एंटर दाबलं आणि बूटलोडर माझ्यात येऊन बसला! मी ओरडणार कसा? मी तिथेच असल्यामुळे सगळं सुरळीत चाललं. मालकाने मला काढून खिशात टाकलं आणि बस पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आईचा फोन. मी खिशातून ऐकत होतो.

"अरे, पडदा नुसता काळा. वर दोन इंग्रजी ओळी, आणि पुढे काही हलतच नाही."

"घाबरू नकोस. मी सांगतो तसं टाइप कर."

"करते. पण परवा पहिला प्रयोग आहे रे. राणीचा झगा अजून कापायचाय आणि नमुना ह्याच्या पोटात."

मालक ऑफिसच्या जिन्यात उभा राहून एकेक अक्षर सांगत होता, आई न कंटाळता टाइप करत होती. कॉम्प्युटर ढिम्म. शेवटी ती हळूच म्हणाली, "कागद होते तेव्हा बरं होतं रे."

मालकाचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं. घाम पुसायला त्याने खिशातून रुमाल ओढला, त्याबरोबर मीही बाहेर आलो. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"आई, घराचं दार मीच खिशात घालून आणलंय. थांब, येतो."

अर्धी रजा टाकून आम्ही बस पकडली. मला खाचेत खोचलं आणि म्हातारा लगेच उठला. आईने झग्याचा नमुना छापून घेतला आणि उभ्या उभ्याच कात्री हातात घेतली. मग मालकाने डिस्कचं नाव दोनदा वाचून बूटलोडर तिथे बसवला, मला काढलं, पुन्हा चालू करून पाहिलं. म्हातारा आपला आपण उठला.

"झालं. आता ह्याचं इथे काम नाही."

"आण इकडे तो."

"तुला कशाला?"

"असू दे. ह्याच्यामुळे तू सोमवारी घरी जेवायला आहेस."

झगा वेळेत पोचला. उरलेल्या मखमलीच्या चिंधीचं आईने मला टोपण शिवलं. आता मी सुया-दोऱ्यांच्या डब्यात ऐटीत राहतो. तुम्हाला एवढंच सांगतो, अपग्रेड करताना तोंडातला घास आधी गिळा, प्रश्न वाचा, मग एंटर दाबा.

आमच्या आईला मात्र हे सांगायची सोय नाही. काल तिने मला डब्यातून काढलं, टोपण नीट केलं आणि फोनवर अगदी साळसूदपणे विचारलं, "काय रे, पुढचं अपग्रेड कधी?"