हुकावरचं वजन

उदयसिंहाला घाटाची भीती वाटत होती आणि ती त्यानं घरात कुणालाच सांगितली नव्हती. सांगणार कुठल्या तोंडानं? होड्या ओढून पोचवायचा धंदा काढायची हौस त्याचीच. उद्यमनगरात फायबरच्या होड्या बनतात आणि समुद्र आहे गगनबावड्याच्या पार खाली. मधल्या घाटाचा विचार करायला कुणी सांगितलं होतं?

दोन महिने त्यानं पिकअप गाड्या पाहिल्या. जो तो विकणारा इंजिनाच्या ताकदीचं कौतुक सांगत सुटायचा. त्याच्यासोबत हिंडणारा उजैर फिटर मात्र इंजिनाकडं ढुंकूनही बघत नव्हता. तो सरळ गाडीखाली आडवा व्हायचा आणि चासी, ब्रेक, स्प्रिंगचे पाटे चाचपून बाहेर यायचा.

"वडायला कुनीबी वडंल, दादा," तो म्हणायचा. "दोन टनाचा बोजा उतारावर मागनं ढकलाय लागल्यावर थांबवनार कोन?"

शेवटी उजैरनं दणकट चासीची, चारही चाकांना जोर देणारी एक जुनी पिकअप पास केली. मागं जाड हुक बोल्टांनी आवळला. ट्रेलरला त्याचे स्वतःचे ब्रेक बसवले आणि ते हातानं लावायची एक लाल दांडी स्टेअरिंगजवळ आणून दिली. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या, हातानं फिरवायच्या कप्पीनं होडी वर ओढून घेतल्यावर गुळाच्या अडतीतला वजनकाटा आणून ट्रेलरची नाळ, म्हणजे हुकात अडकणारा पुढचा दांडा, त्यावर टेकवली. दोनशे दहा किलो भरलं, म्हणजे गुळाचे तीस-तीस किलोंचे सात रवे. होडी जिथं बसली तिथं ट्रेलरच्या पट्टीवर त्यानं पांढऱ्या रंगाची खूण केली आणि होडी पट्ट्यांनी आवळून बांधली.

"एवढं वजन हुकावर पायजेच. कमी झालं तर ट्रेलर शेपूट हलीवनार. अन् हलाय लागलाच तर पायाचा ब्रेक दाबू नगासा. ही दांडी दाबा. आदी मागचं थांबलं पायजे."

एवढं सगळं चोख करूनही पहिल्या खेपेला उदयसिंहाची भीती काही गेली नव्हती. सोबतीला त्याचे वडील पिराजीआबा आले. आबांनी चाळीस वर्षं बैलगाडीनं कारखान्याला ऊस घातलेला. पिकअपमध्ये बसतानाही ते आधी तिच्या बॉनेटवर थोपटून घेत.

गगनबावड्यात चहाला थांबले. गाडी चढावर, नाक वर करून उभी होती. घाटात वाहतूक कशी आहे ते विचारायला उदयसिंह चौकात गेला. परत आला तेव्हा आबा हात पुसत होते.

"चल," ते म्हणाले. "आता मोकळी झाली."

काय मोकळी झाली, हे त्यानं विचारायला हवं होतं. पण भ्यालेल्या माणसाला स्वतःच्या छातीतल्या धडधडीपुढं दुसरं काही ऐकू येत नाही.

तिसऱ्या वळणानंतर उतार लांबला आणि गाडीची पाठ हलकेच डावीकडं ओढली गेली. मग उजवीकडं. उदयसिंहाला वाटलं, वारा असेल. आरशात पाहिलं तर होडीचा मागचा भाग एकदा कड्याकडं, एकदा दरीकडं झुलत होता आणि दर झोक्याला जास्तच लांब जात होता. स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं झालं.

"आबा, धरून बसा!"

त्याचा पाय आपसूक ब्रेककडं गेला. तो त्यानं कसा आवरला ते त्याचं त्यालाच माहीत. लाल दांडी त्यानं मुठीत दाबून धरली. मागं टायर किंचाळले. सगळी पिकअप कुणी शेपटीला धरून ओढावी तशी ताणली गेली, झोके आखडले आणि गाडी दरीच्या कठड्यापासून दीड हातावर उभी राहिली.

उदयसिंह खाली उतरून मागं गेला. पांढऱ्या खुणेपासून होडी हातभर मागं सरकली होती. पट्टे मात्र नीट आवळलेले होते. पट्टे आपोआप सुटतात, पण आपोआप आवळत नाहीत.

"आबा, तुमी सरकवली?"

"व्हय." म्हातारा पांढराफटक पडला होता. "गाडी मागनं पार दबलीती की रं. लई धुरजड झालीती. म्होरं जुवावर वजन जास्त झालं की बैलाच्या मानंला घट्टं पडत्यात. म्हनलं, हिचीबी मान दुखत असंल. कप्पीचा खटका काडला, गेली सरकून."

उदयसिंहाला ओरडायचं होतं. तोंडात शिव्याही तयार होत्या. पण त्या गिळून त्यानं आधी पट्टे सैल केले. आता नाक उताराकडं होतं, म्हणून दोघांनी मिळून कप्पीनं होडी खुणेवर आणली, पट्टे आवळले, दोन-दोनदा ओढून पाहिले.

"बसा, आबा."

आबा बसले नाहीत. त्यांनी टोपी नीट केली आणि ते गाडीच्या पुढं जाऊन उभे राहिले.

"मी म्होरनं चालतो. उताराला म्होरं मानूस दिसला की जनावर दमानं चालतंय."

"आबा, हे जनावर न्हाय!" त्याचा आवाज चिरकला. "ब्रेक न्हाय लागला तर पयलं तुमच्यावर यील!"

"ठावं हाय," आबा म्हणाले. "पर आत तू हाईस की."

आणि ते चालू लागले. त्यानं हाका मारल्या, हॉर्न वाजवला. म्हाताऱ्यानं वळूनही पाहिलं नाही. मागं ट्रकवाले खोळंबून बोंबलायला लागले. उदयसिंहानं पहिला गिअर टाकला. एक हात स्टेअरिंगवर, दुसरा लाल दांडीवर. काचेतून आबांची पाठ दिसत होती, चार हातांवर. पाठीमागं दोन टन होते आणि निम्मा घाट अजून उतरायचा होता.